जाड खंडात अडकलाय? या चुका टाळा

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कल्पनारम्य कादंबरीमालिकेचे पहिले तीन खंड धडाधड संपवलेला माणूस चौथ्यात हमखास अडकतो. माझ्या पिशवीतून ते पुस्तक दोन पावसाळे खानापूर-बेळगाव बसनं नुसतं ये-जा करत होतं. आई विचारायची, "अजून तेच वाचालास?"

घोळ खरेदीपासूनच सुरू होतो. आपल्याकडे मिळणाऱ्या ब्रिटिश पेपरबॅकमध्ये तिसरा आणि पाचवा खंड दोन-दोन भागांत येतो, म्हणून पाच खंडांच्या संचात पुस्तकं सात. जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला 'आफ्टर द फीस्ट' स्वस्तात मिळालं. चौथ्याचं नाव 'अ फीस्ट फॉर क्रोज', त्यामुळं हे त्याचंच काहीतरी असणार, असं धरून वाचायला बसलो. साठेक पानं झाली तरी कोण कुठं आहे याचा पत्ता नाही, आणि मी दोष देतोय माझ्या इंग्रजीला! तो निघाला पाचव्याचा दुसरा भाग. पैसे देण्याआधी मुखपृष्ठावरची बारीक अक्षरंही वाचा.

दुसरी चूक म्हणजे आवडत्या माणसाची वाट बघत पानं उलटणं. यातलं प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या नजरेतून असतं, बहुतेकदा त्याच्याच नावाचं, आणि चौथ्यात टिरियन आणि डेनेरिस यांची प्रकरणंच नाहीत. जॉनचंही नाही, तो त्याच्या मित्राच्या, सॅमच्या प्रकरणात भेटेल तेवढाच. मजकूर आवरेना तेव्हा मार्टिननी अर्ध्यावर रेघ मारून पहिला अर्धा छापला नाही, माणसांची वाटणी केली. राजधानी आणि तिच्या आसपासची बरीचशी मंडळी चौथ्यात आली (२००५), उत्तर सीमेवरच्या भिंतीवरची आणि समुद्रापलीकडची पाचव्यात (२०११). हा खुलासा त्यांनी केलाय, पण चौथ्याच्या अगदी शेवटी, पंगत उठल्यावर मीठ वाढावं तसा. तो आधी वाचून घ्या.

या वाटणीमुळं पाचवा सुरू होतो तेव्हा काळ मागं गेलेला असतो. जॉन सॅमला भिंतीवरून दूर पाठवतो, तो प्रसंग चौथ्यात सॅमच्या बाजूनं आहे आणि पाचव्यात जॉनच्या. बोलणंही जवळपास तेच. खूण भलत्याच पुस्तकात ठेवली की काय, म्हणून मी दोन्ही पुस्तकं मांडीवर उघडून ओळी ताडून बघत बसलो. त्या नादात मच्छे कधी गेलं, पिरनवाडी कधी गेली, कळलं नाही. सॅमला जो जॉन तुटक, परका वाटतो, तो आतून काय गिळून बोलतोय हे दुसऱ्या बाजूनं वाचतानाच समजतं. 'हे वाचलंय की' म्हणून ती पानं सोडू नका.

प्रकरणांच्या नावांनीही फसायला होतं. इथून पुढं काही मथळ्यांत माणसाचं नाव नसतं, बिरूद असतं. 'द क्रॅकन्स डॉटर' ही कुणी नवी बाई नव्हे, दुसऱ्या खंडात भेटलेली आशाच. एका मुलीच्या प्रकरणांचं नाव तर चौथ्याच्या मध्यातच बदलतं.

नावं विसरली म्हणून मोबाईलवर शोधायला जाऊ नका. नाव पुरतं टाइप व्हायच्या आत तो माणूस कसा मेला ते खालच्या सूचनांत येतं. पुस्तकाच्या मागं घराण्यांच्या याद्या असतात, त्या वापरा. पण हातातल्याच खंडाच्या. पुढच्या खंडाची यादी चाळलीत की मधे कोण गेलं ते कळलंच म्हणून समजा.

मला खरा उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. आजी गुरुचरित्राचा सप्ताह करायची. त्या पोथीला शेवटी अवतरणिका आहे, कुठल्या अध्यायात काय घडलं ते थोडक्यात सांगणारी. तशी मी पाठकोऱ्या कागदांच्या वहीत माझी केली. प्रकरणामागं एक ओळ: कोण, कुठं, कशाच्या मागावर. सप्ताहात रोज किती अध्याय ते ठरलेलं असतं, तेही उचललं. चौथ्यात ४६ प्रकरणं आहेत. जाताना एक, येताना एक, तेवीस दिवसांत पुस्तक हातावेगळं. दोन वर्षं नुसतं ओझं वाहिलं होतं!

चौथा-पाचवा एकमेकांत मिसळून, काळाच्या क्रमानं वाचायच्या याद्या फिरतात. पहिल्या वाचनाला त्या घेऊ नयेत असं माझं मत, वरच्यासारखे जोडप्रसंग त्यात फार जवळ येऊन बसतात. आणि पाचवा संपत आला की वेग कमी करावासा वाटेल, तो खुशाल करा. सहावा २०११ पासून यायचाच आहे.