पारा उतरला की आधी खालच्या रानाकडे बघा

कोल्हापूरची थंडी एरवी सोसण्याजोगी. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं किमान तापमान साधारण १४-१५ अंशांच्या आसपास राहतं, दुपारी ऊन चटकतं आणि पिकांचं फारसं बिघडत नाही. पण उत्तरेकडचं कोरडं वारं सुटलं, आभाळ निवळलं आणि पारा १० च्या घरात आला, की चार-सहा रात्रींतच रानात फरक दिसू लागतो. खोडव्याचे (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा येणाऱ्या पिकाचे) फुटवे जागच्या जागी थांबतात, टोमॅटोची फुलं गळतात, केळीची नवी पानं गुंडाळलेल्या पोग्यातच अडकतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. बातम्यांत येतो तो आकडा तुमच्या रानाचा नसतो. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, हवा खेळेल अशा पेटीत ठेवलेला असतो. वारा पडलेल्या निरभ्र रात्री जमिनीतली ऊब भराभर वर निघून जाते, आणि पिकाच्या पानांजवळचं तापमान त्या आकड्यापेक्षा तीन-चार अंशांनी खाली जाऊ शकतं. त्यात थंड हवा जड. ती उताराने पाण्यासारखी खाली येते आणि सखल जागी साचते. म्हणून पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वारणेच्या काठची मळीची रानं आणि ओढ्याकडेचे तुकडे माळावरच्या रानापेक्षा जास्त गारठतात. चहूबाजूंनी उंच ऊस आणि मधे दहा गुंठे भाजी, अशी जागा तर फारच जपायला हवी, कारण तिथे साचलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच नसते.

एक साधा तापमापक घ्या आणि रानातल्या सगळ्यात खालच्या सरीत, पिकाच्या उंचीला, काठीला बांधा. दिवस उगवायच्या आधी बघा आणि खतापाण्याचा हिशेब लिहिता त्याच वहीत आकडा टिपून ठेवा. शेजारी एवढंच लिहा, की दव होतं का, वारा होता का, कुठल्या पट्टीतलं पीक आधी मलूल झालं. दोन-तीन हिवाळ्यांची अशी नोंद हाताशी असली, की लागणीची तारीख आणि वाण ठरवताना तिचा उपयोग दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोंदीचा आग्रह धरतो, कारण थंडी माणूस लवकर विसरतो. महापुराच्या खुणा आपण भिंतींवर रंगवून ठेवतो, थंडीची खूण कुठेच राहत नाही. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला पारा १.७ अंशांवर गेला होता. जानेवारी १९६२ मध्ये समुद्राकाठच्या मुंबईत ७.४ अंश नोंदले गेले. फेब्रुवारी २०१२ मध्ये नाशिक तीन अंशांच्याही खाली उतरलं आणि डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडच्या द्राक्षपट्ट्यात पारा दोनच्या खाली गेला. आपण दक्षिणेला आहोत, इतकं टोक आपल्याकडे येत नाही. पण २०१२ ची ती लाट फेब्रुवारीत आली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. संक्रांत झाली, दिवस तिळातिळाने वाढू लागला, म्हणजे थंडी संपली असं धरून चालू नका. होळी जळाली थंडी पळाली, असं जुनी माणसं म्हणतात ते त्यामुळेच. गावातल्या वयस्कर शेतकऱ्यांना विचारून घ्या. कुठल्या पट्टीत केळी धरत नाही, कुठल्या रानात मिरची करपते, हे त्यांना पाठ असतं.

लाट येणार असा अंदाज मिळाला, की पहिलं हत्यार पाणी. ओली जमीन दिवसभर ऊन साठवते आणि रात्री सावकाश सोडते, कोरडी भुसभुशीत जमीन लवकर गार पडते. म्हणून संध्याकाळी हलकं पाणी द्या. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर उत्तम, थंडीत ते हवेपेक्षा उबदार असतं. पहाटे काकऱ्यांतून त्याची वाफ निघताना आपण बघतोच. मात्र हलकं म्हणजे हलकंच. सरी तुडुंब भरली तर मुळांना हवा मिळत नाही आणि गारठा उलट वाढतो. वीज रात्रपाळीची असेल तर ठिबकची वेळ पहाटेकडे सरकवा. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडकडच्या बांधवांनी गव्यांचा आणि हत्तींचा वावर लक्षात घेऊन रात्री एकट्याने पाणी पाजायला जाऊ नये. एखादी पाळी चुकली तरी चालेल.

बांधावर ओला पालापाचोळा पेटवून पहाटे धूर करायची पद्धत जुनी आहे. वारा अगदी पडलेला असेल तर धूर रानावर थोडा वेळ थांबतो, पण त्याने मिळणारी ऊब फार थोडी. त्यासाठी पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळू नये, असं मी आवर्जून सांगेन. एवढं सेंद्रिय खत पेटवून एका रात्रीची अर्धवट ऊब घेणं परवडत नाही.

आता ऊस. तोडणीला आलेल्या उसाला थंडी मानवते. वाढ थांबते, साखर भरते, आपल्या जिल्ह्याचा साखर उतारा वर राहतो आणि गुऱ्हाळात गूळही चांगला उतरतो. जपायचं ते नव्या लागणीला आणि खोडव्याला. या दिवसांतल्या लागणीला ‘सुरू’ म्हणतात, तिचा हंगाम १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. उसाचा डोळा फुटायला २६ ते ३२ अंश तापमान चांगलं, २० च्या खाली उगवण रखडते. टिपरी, म्हणजे लागणीसाठी तोडलेला उसाचा तुकडा, जमिनीत जास्त दिवस पडून राहिली, की कुजायला लागते. कांडं चिरून बघितलं तर आतला गर लालसर-काळा झालेला दिसतो आणि पिकलेल्या अननसासारखा वास येतो. ही बुरशी टाळायची तर टिपऱ्या औषधात बुडवून बेणेप्रक्रिया केल्याशिवाय लागण करू नका, टिपरी खोल गाडू नका आणि पाणी वापसा (जमिनीत बेताची ओल) बघूनच द्या. लाटेच्या आठवड्यात एक डोळ्याची लागण करण्यापेक्षा दोन डोळ्यांची टिपरी बरी. त्याहून चांगलं म्हणजे ट्रेमध्ये रोपं तयार करून ठेवायची आणि थंडी ओसरल्यावर लावायची. रोपांवर रात्री प्लॅस्टिक घाला, सकाळी ऊन आलं की काढा.

खोडव्यात बरेच जण एका ठिकाणी चुकतात. पाचट ठेवतात, हे चांगलंच, पण ते बुडख्यांवर तसंच पसरलेलं राहतं. उन्हाचा कवडसा बुडख्याला लागत नाही आणि फुटवा आतच पिवळा पडून बसतो. ऊस तुटला की पाचट सरीत ओढून घ्या, बुडखे मोकळे करा आणि धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. वर राहिलेल्या कांड्यांवरून फुटणारे कोंब कमजोर निघतात. सरीतल्या पाचटावर टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकलं, की त्याचं खत होऊ लागतं. थंडीत कुजायचा वेग कमी असतो, तेव्हा महिनाभरात काही दिसलं नाही म्हणून पाचट पेटवू नका.

गारठ्यात खोडव्याची पानं पिवळी-पांढरी पडतात, केवडा पडला म्हणतात तो हाच. मक्याची आणि टोमॅटोची पानं जांभळट होतात. अशा वेळी दुकानात जाऊन चार बाटल्या आणण्याआधी आठवडाभर थांबा. जमीन थंड असली की मुळं स्फुरद आणि लोह नीट उचलत नाहीत, रानात ते असूनही पिकाला मिळत नाही. ऊब परतल्यावर बहुतेक पीक आपोआप हिरवं होतं. नाही झालं, तर मग माती तपासून खर्च करा. युरियाचा जादा हप्ता तर या दिवसांत टाकूच नका. त्याने कोवळी लुसलुशीत वाढ होते आणि गारठ्यात तीच आधी करपते.

टोमॅटोची फळधारणा रात्री १३ अंशांच्या खाली गेल्या की घटते, त्याला औषध नाही. औषध लागतं ते रोगाला. पहाटे धुकं आणि दिवसभर ओलसर ढगाळ हवा असेल तर टोमॅटो-बटाट्यावर उशिरा येणारा करपा झपाट्याने पसरतो. पानांवर पाणी भिजल्यासारखे काळपट डाग दिसले, की मॅन्कोझेब २५ ग्रॅम १० लिटर पाण्यातून, दव सुकल्यावर फवारा. कोरड्या थंडीत काकडी, दोडका, वाटाण्यावर भुरी येते, तिथे पाण्यात मिसळणारं गंधक चालतं. पॉलिहाऊसचे पडदे अंधार पडल्यावर लावून उपयोग नाही. चार-साडेचारला, आत ऊब असतानाच लावा आणि सकाळी ऊन वर आलं की उघडा. नाहीतर कोंडलेल्या ओलाव्याने जरबेऱ्याच्या फुलांवर राखाडी बुरशी धरते.

केळीची हिरवी पानं कापू नका, घड कागदाने किंवा पिशवीने झाका. गव्हाला थंडी हवीच असते, फुटवे चांगले येतात. हरभऱ्यात मात्र कडाक्यात फुलगळ होते, घाबरून फवारणी करू नका. उन्हाळी भुईमूग रात्रीचं तापमान १८ अंशांवर गेल्याशिवाय टोकू नये, बियाणं जमिनीतच कुजतं. आंब्याला थंडीने मोहोर भरपूर येतो, पण ती लांबली की नर फुलं जास्त निघतात, तेव्हा मोहोर बघूनच फळांचा हिशेब करू नका.

गोठ्यात म्हशींपेक्षा रेडकं-वासरं जास्त महत्त्वाची. व्यायल्यावर तासाभरात चीक पाजा, अंग कोरडं पुसा आणि खाली पिंजराचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, जाड थर द्या. ओला झालेला थर रोज बदला. ओल्या जमिनीवर बसलेलं वासरू वरून गोणपाट टाकलं तरी गारठतंच. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा, वरची फट उघडी ठेवा म्हणजे मुताचा उग्र वास कोंडणार नाही. पाणी ताजं उपसलेलं पाजा. रात्रीच्या वैरणीत वाळका चारा वाढवा, रवंथ होताना जनावराच्या अंगात त्यातून ऊब तयार होते.

आणि आपल्या फडात आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांकडेही बघा. बीडकडची माणसं लेकराबाळांसकट उघड्या रानात पाचटाच्या खोपीत झोपतात आणि अंधार असतानाच दवाने भिजलेल्या उसात उतरतात. खोपीसाठी नदीकाठची खालची जागा न देता वरची कोरडी जागा द्या, वर टाकायला एखादी ताडपत्री द्या. चूल आणि शेकोटी खोपीपासून लांब ठेवायला सांगा. खोपी पेटायला एक ठिणगी पुरते, आणि बंद खोपीतला निखाऱ्याचा धूर झोपेत जीव घेऊ शकतो. लाट असेल तर ऊन पडल्यावर कोयता चालवूया, असं मुकादमाला आपणहून म्हणा. कारखान्याची पाळी दोन तासांनी अडत नाही.

लाट ओसरल्यावर करपलेली पानं आणि शेंडे लगेच छाटू नका. मेलेलं दिसणारं पान खालच्या डोळ्याला पुढच्या गार रात्रीत आडोसा देतं. आठ-दहा दिवसांनी नवा कोंब कुठून येतो ते बघा, त्याच्या वर छाटा, आणि मगच खताचा हलका हप्ता द्या.