फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरातल्या बागेत पक्ष्यांचे आणि फुलांचे फोटो कसे काढायचे: आधी झाड शोधा

फेब्रुवारी अर्धा सरला की पुण्यात सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी ऊन चटकायला लागतं, आणि नेमक्या याच दिवसांत बागेतली बरीच झाडं पानं टाकून नुसती फुलांनी भरलेली असतात. फोटो काढणाऱ्यासाठी वर्षातले हे सगळ्यात चांगले दीड महिने. पानं नाहीत म्हणजे पक्ष्याला लपायला जागा नाही, आणि फुलांत मकरंद आहे म्हणजे पक्षी येणारच. यासाठी ताडोबाला जायची गरज नाही, घराजवळची महानगरपालिकेची बाग पुरते.

मी सुरुवातीची दोन वर्षं कॅमेरा गळ्यात अडकवून पक्ष्यांच्या मागे फिरायचो, इथे आवाज आला की इकडे, तिकडे हललं की तिकडे, आणि घरी आल्यावर हातात काय तर उडून गेलेल्या पक्ष्याची शेपटी. मग एकदा दमून कोथरूडच्या आमच्या बागेत काटेसावरीसमोरच्या बाकावर बसलो आणि तासाभरात बुलबुल, साळुंक्या, कावळे, शिंजीर (सनबर्ड), हळद्या, भोरड्या (पळसमैना) सगळे त्या एकाच झाडावर येऊन गेले. तेव्हापासून पक्षी शोधणं सोडलं, आता मी झाड शोधतो. पुढे जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीवरच उभं आहे.

झाड कुठलं

काटेसावर पहिली. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत फुलते, लालभडक, तळहाताएवढं फूल, पाच जाड पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांचा झुबका. खाली पडलेलं एखादं फूल उचलून बघा, पाकळी चामड्यासारखी जाड लागते आणि फुलाचा पेला असा असतो की पक्ष्याला डोकं आत घालावंच लागतं. म्हणून सावरीवरून निघालेल्या बुलबुलाच्या कपाळावर पिवळे परागकण चिकटलेले असतात, झूम करून बघितलं तर स्पष्ट दिसतात, आणि माझ्या मते या सीझनचा सगळ्यात सुंदर फोटो हाच.

दुसरा पांगारा आणि तिसरा पळस. पळस शहरात कमी, टेकड्यांच्या कडेला जास्त. सिल्व्हर ओक सोसायट्यांमध्ये भरपूर लावलेत, ते मार्चमध्ये नारिंगी-पिवळे फुलतात आणि शिंजीर त्यावर तुटून पडतात. शेवगा विसरू नका, त्याची फुलं साधी दिसतात पण झाड बुटकं असल्यामुळे पक्षी डोळ्यांच्या पातळीवर मिळतो. गुलाबी टॅबेबुया मात्र दिसायला देखणा असला तरी पक्ष्यांसाठी मला फारसा उपयोगी पडलेला नाही, तो फुलांच्या फोटोसाठी ठेवा. बहावा अजून लांब आहे, तो एप्रिल-मेचा.

बाग कुठली म्हणाल तर पुण्यात एम्प्रेस गार्डन आणि विद्यापीठाचा परिसर, मुंबईत भायखळ्याचा राणीचा बाग, नागपुरात महाराजबाग. पण खरं सांगतो, घरापासून चालत पोचता येईल ती बाग घ्या, कारण एकाच झाडाकडे चार-पाच वेळा जायचंय. आणि मोठी लेन्स असेल तर गेटवरच्या काकांना आधी विचारून घ्या, काही बागांत परवानगी लागते, काही ठिकाणी कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट असतं. राणीचा बाग बुधवारी बंद असतो आणि सकाळी साडेनऊला उघडतो, म्हणजे कोवळं ऊन तोवर निघून गेलेलं असतं, तिथे फुलांवर आणि सावलीतल्या झाडांवर भर द्या.

आदल्या दिवशी कॅमेरा न घेता जा

हे बहुतेक लोक करत नाहीत आणि इथेच सगळा फरक पडतो. संध्याकाळी फिरायला जाल तेव्हा झाडाभोवती एक चक्कर मारा आणि तीन गोष्टी बघून ठेवा. पूर्व कुठे आहे, कारण सकाळी आपल्याला झाडाच्या पूर्वेला उभं राहायचंय, म्हणजे सूर्य आपल्या पाठीशी आणि ऊन पक्ष्याच्या अंगावर. फुलं कुठल्या फांदीवर सगळ्यात खाली आहेत. आणि तिथून बघितल्यावर फुलामागे काय दिसतं, नुसतं पांढुरकं आकाश, की लांबचं हिरवं झाड, की बिल्डिंगची गुलाबी भिंत आणि एसीचे डबे. दोन पावलं डावीकडे सरकलं तरी मागचं सगळं बदलतं, ते आज शोधून ठेवलं की उद्या सकाळी धावपळ होत नाही.

सावर उंच असते आणि फुलं वरच्या फांद्यांवर, त्यामुळे झाडाखाली उभं राहिलं की फक्त पक्ष्याचं पोट दिसतं. मागे या, पंधरा-वीस मीटर लांब गेलात तरी चालेल, कोन खाली येतो आणि पक्षी बाजूने दिसायला लागतो. बागेत चढ असेल, पायऱ्या असतील, मुलांच्या घसरगुंडीजवळ उंचवटा असेल तर तो वापरा. शेजारच्या इमारतीत कुणी ओळखीचं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची गॅलरी ही सगळ्यात भारी जागा, अर्थात विचारून.

कॅमेरा

फेब्रुवारीच्या शेवटी पुण्यात सूर्य सातच्या जरा आधी उगवतो. साडेसातला जागेवर बसलेलं बरं, साडेनऊनंतर ऊन पांढरं पडायला लागतं.

पक्ष्यांसाठी शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते, सगळ्यात महत्त्वाचा, बाकी सगळं नंतर. शांत बसलेल्या बुलबुलाला १/५०० सेकंद चालतो, फुलात खुपसाखुपशी करणाऱ्या शिंजीराला १/१६०० किंवा त्याच्या वर ठेवा. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक, जेवढं उघडेल तेवढं, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर टाकून वरची मर्यादा ३२०० करा. फोटोत थोडे दाणे आले तर ते नंतर कमी करता येतात पण हललेला फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरला नीट करता येत नाही. फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे पक्षी हलला की फोकसही त्याच्याबरोबर बदलत राहतो, डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो चालू, नसेल तर एकच पॉइंट घेऊन डोळ्यावर ठेवा. चोच शार्प आणि डोळा धुरकट असा फोटो मी ठेवत नाही.

मागे आकाश असेल तर पक्षी काळा पडतो, तेव्हा एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ किंवा गडद करायचं सेटिंग, प्लस एक करा. याच्या उलट, सावरीचं किंवा पांगाऱ्याचं फूल चौकटीत मोठं असेल तर मायनस ०.७ करा, कारण उन्हातला लाल रंग कॅमेऱ्याला झेपत नाही, पाकळीवरच्या शिरा जाऊन नुसता लाल डाग उरतो. स्क्रीनवर तो डाग छान भडक वाटतो, पण घरी मोठा करून बघितला की त्यात काहीच नसतं.

एक चूक माझ्याकडून दोन-तीनदा झालीय म्हणून सांगतो. सावलीतल्या फुलाचे फोटो १/१०० वर काढत होतो, तेवढ्यात शिंजीर आला, मी तसाच बटण दाबून धरलं आणि वीसच्या वीस फोटो हललेले निघाले. आता मी कॅमेऱ्याच्या डायलवर जे दोन कस्टम मोड असतात त्यातला एक फुलांना आणि एक पक्ष्यांना देऊन टाकलाय, नुसतं डायल फिरवायचं.

लेन्स किती मोठी हवी हा प्रश्न सगळे विचारतात. साध्या क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३०० एमएम लेन्स असेल तर दहा मीटरवर साधारण पाऊण मीटर रुंदीची चौकट मिळते. बुलबुल २० सेंटिमीटरचा, म्हणजे चौकटीचा पाव भाग, छान. शिंजीर मात्र १० सेंटिमीटरचा, त्याच्यासाठी पाच मीटरवर पोचायला हवं, म्हणूनच शेवग्यासारखं बुटकं झाड महत्त्वाचं. तेव्हा ७०-३०० वर आरामात सुरुवात करा, दीड लाखाच्या लेन्सचा विचार दोन सीझन झाल्यावर.

कोण कसा वागतो

जांभळा शिंजीर थंडीत मळकट असतो, छातीवर फक्त एक काळी रेघ, आणि फेब्रुवारीत नराला त्याचा चमकदार निळा-जांभळा रंग परत येतो. ती चमक पिसांच्या रचनेमुळे दिसते, त्यामुळे ऊन आपल्या मागून त्याच्यावर पडलं तरच दिसते, नाहीतर तो चक्क काळा. तो एकाच फुलांच्या गुच्छाकडे पुन्हा पुन्हा येतो, दोन-तीन फेऱ्या नुसत्या बघा, कुठे बसून चोच घालतो ते कळलं की तिथे आधीच फोकस करून थांबा.

तांबट आवाजाने भेटतो, टुक टुक टुक टुक, कसब्यातल्या तांबट आळीत भांड्यावर हातोडी पडते ना, अगदी तसा. गंमत म्हणजे तो ओरडताना डोकं इकडेतिकडे फिरवतो म्हणून आवाज कुठून येतोय ते कळत नाही. बागेतल्या सगळ्यात उंच वाळक्या फांदीकडे बघा, सकाळी ऊन खायला तो तिथे बसतो, चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळ लाल. याच दिवसांत तो वाळलेल्या फांदीत घरट्याचं भोक कोरतो. फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक, आणि थांबून बघितलं तर आतून चोचीत भुसा घेऊन तो बाहेर टाकताना दिसतो. हा फोटो लांबूनच काढायचा.

भोरड्या, म्हणजे पळसमैना, थव्याने येतात, गुलाबी अंग आणि काळं डोकं, प्रचंड कलकलाट. एकेकीचा क्लोजअप घेण्यापेक्षा झूम कमी करून अख्खी लाल फांदी आणि त्यावर पंधरा भोरड्या असा फोटो घ्या. या पाहुण्या, एप्रिलमध्ये मध्य आशियाच्या वाटेला लागतात, म्हणून यांना पुढच्या महिन्यावर ढकलू नका. दयाळ पहाटे आणि संध्याकाळी गायला लागलेला असतो, तो उघड्या टोकावर बसून गातो, पळून जायची घाई नसते, नवशिक्याने त्याच्यापासून सुरुवात करावी.

फुलं आणि पानं

पक्ष्याला ऊन समोरून हवं, पानाला मात्र मागून. पिंपळाची नवी पालवी तांबूस आणि इतकी पातळ असते की सूर्य तिच्या मागे आला की सगळी जाळी दिसते, कुसुंबाची तर लालबुंद. इथे उलट बाजूला जा, सूर्याकडे तोंड करून, पण सूर्य चौकटीत घेऊ नका, आणि मागे एखाद्या झाडाची गडद सावली येईल असं बघा.

सीताअशोक बागेत असेल तर त्याच्या गुच्छाजवळ दहा मिनिटं द्या, फुलं उमलताना पिवळी-नारिंगी आणि जुनी होताना लाल होत जातात, एकाच गुच्छात सगळ्या छटा असतात. राणीच्या बागेत गेलात तर उर्वशीचे लोंबते घोस बघा. पळसाचं फूल मिळालं तर केशरी पाकळ्यांपेक्षा खालच्या काळ्या मखमली देठाकडे लक्ष द्या, तिरप्या उन्हात त्यावरची लव दिसते. आणि पडलेली फुलं सोडू नका, सावरीखाली सकाळी लाल सडा असतो, झाडणारे लोक यायच्या आत पोचा आणि कॅमेरा जमिनीला टेकवून फोटो घ्या.

फोनवर हे सगळं उत्तम जमतं. फुलावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस लॉक होतो, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. पोर्ट्रेट मोड नको, तो पुंकेसरांची टोकं खाऊन टाकतो. खूप जवळ जाण्यापेक्षा एक पाऊल मागे येऊन टू-एक्सवर काढा. वारा असेल तर स्वतः वाऱ्याच्या बाजूला आडवे उभे राहा किंवा थांबा, झुळकांच्या मध्ये दोन-तीन सेकंद फूल स्थिर होतंच. फुलं तोडून, फांदी वाकवून फोटो काढू नका.

हे मनापासून सांगतो

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवू नका. हे विणीचे दिवस आहेत, नराला वाटतं दुसरा कोणी हद्दीत घुसला, तो खाणं सोडून भांडायला येतो आणि आपल्याला मात्र वाटतं की काय छान पोज दिली. घरटं दिसलं तर लांबून एक-दोन फोटो आणि तिथून निघा, समोरची पानं बाजूला करू नका, कारण ती बाजूला झाली की कावळ्याला रस्ता मोकळा. घरट्याची जागा ग्रुपवर टाकू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना धक्का लावणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं, बाग शहरात आहे म्हणून कायदा बदलत नाही.

घरी आल्यावर त्याच दिवशी फोटो निवडा, दोनशेतले दहा ठेवा. फोल्डरला तारीख, झाड आणि पक्षी असं नाव द्या. पक्षी ओळखता आला नाही तर मर्लिन ॲपला फोटो दाखवा, झाडासाठी आयनॅचरलिस्ट आहे, आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर दिसलेल्या पक्ष्यांची यादी टाकली तर ती अभ्यासकांच्याही कामाला येते. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, तेव्हा निदान पंधरा मिनिटं तरी मोजणी करून यादी टाका.

पुढच्या रविवारी परत त्याच झाडाकडे जा. मार्च सरता सरता सावरीची फुलं संपतील आणि हिरवी बोंडं धरतील, तेव्हा पक्ष्यांसाठी सिल्व्हर ओककडे वळा, पण सावरीवर लक्ष असू द्या. उन्हाळ्यात बोंडं तडकून कापूस उडायला लागतो आणि शिंपी पक्षी तो चोचीत धरून घरट्याला नेतो, तो फोटो मला अजून नीट मिळालेला नाही, यंदा त्याच बाकावर बसणार आहे.