जाखडी येते का तुम्हाला?

मॉरिशसला नेमणूक झाली तेव्हा गिरगावातल्या आमच्या चाळीत पेढे वाटले होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आपली संस्कृती घेऊन चाललीस हो!" मलाही तसंच वाटत होतं.

तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. पहिल्याच वर्षी एका गावात गेले. मधोमध ढोलकीवाले बसलेले, भोवती पायांत चाळ बांधून फेर धरलेला. ते त्याला झाकरी म्हणतात. आपल्या कोकणातली जाखडीच ती. १८३४पासून उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून कंत्राटी मजूर गेले, त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचीही माणसं होती. त्यांनी हा नाच तिथे जिवंत ठेवला. एका आजोबांनी क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंचवरून आलेल्या बोलीत, विचारलं, "तुमच्याकडे कशी नाचतात?" माझं आजोळ चिपळूणचं, तरी मला एक पाऊल टाकता येईना. त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून आपली संस्कृती परदेशात पोचवण्याच्या या क्षेत्रात येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: आधी आपल्या गावचं नीट पाहून घ्या. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५०पासून हे काम करते; तिच्या परदेशातल्या केंद्रांवर नृत्य, संगीत, योग, हिंदी शिकवायला शिक्षक ठरावीक मुदतीसाठी जातात. पण भाषेची तयारी इथूनच हवी. मुंबईत सोय आहे, जर्मनसाठी काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन, फ्रेंचसाठी आलियाँस फ्रान्सेज. माझं फ्रेंच कच्चं होतं, त्यामुळे पहिले सहा महिने मी लोकांशी दुभाष्यामार्फतच बोलत होते. त्याचं वाईट अजून वाटतं.

आणि कागदपत्रं! एकदा एका विमानतळावर आमचा पखवाज अडवला. यादीत नुसतं 'पखवाज, एक नग' लिहिलेलं. चामडं कुठल्या जनावराचं, लाकूड कसलं, काहीच नाही. वादक बिचारे चार तास बाकावर बसून राहिले आणि संध्याकाळचा कार्यक्रम उसन्या तबल्यावर झाला. तेव्हापासून प्रत्येक वाद्याचा फोटो, पुडी कशाची, खोड कशाचं, किंमत किती, सगळं मी स्वतः लिहून काढते. जिथे चालतं तिथे फिक्की या उद्योगसंघटनेकडून एटीए कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशी नेण्याचा कस्टमचा कागद, घ्या, म्हणजे वाद्य परत आणायचं आहे हे कस्टमला पटवत बसावं लागत नाही.

पुढच्या वर्षी सुट्टीत गुहागरकडच्या एका मंडळाची जाखडी मोबाइलवर घेऊन गेले. आजोबांनी ती तीनदा पाहिली. "आमच्याकडे दुसरं पाऊल वेगळं पडतं," म्हणाले, आणि काठी भिंतीला टेकवून उठले.