प्रतिकारक वाणावर तांबेरा दिसला? पीक आणि बुरशीच्या जनुकांबाबत या चुका टाळा

प्रतिकारक म्हणून लावलेलं वाण काही हंगाम स्वच्छ राहतं आणि मग एका वर्षी पानांवर तांबेऱ्याचे फोड उठतात. अशा वेळी हमखास दोन निष्कर्ष निघतात: बियाण्यात भेसळ झाली, किंवा वाण 'थकलं'. भेसळ कधी कधी खरंच असते. वाण मात्र थकत नाही. त्याची जनुकं होती तिथेच असतात, समोरची बुरशी बदललेली असते.

प्रतिकार हा एकट्या पिकाचा गुण समजणं

बहुतेक गोंधळाचं मूळ इथे आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटामध्ये हॅरल्ड फ्लोर यांनी जवस आणि त्यावरचा तांबेरा यांचा अभ्यास केला. फक्त जवसाचे संकर करून ते थांबले नाहीत, बुरशीचेही संकर केले आणि दोन्हींची आनुवंशिकता शेजारी शेजारी ठेवून पाहिली. १९४० च्या दशकात त्यांनी मांडलेली गोष्ट अशी: पिकातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला जुळणारं एक जनुक बुरशीत असतं. दोन्ही हजर असतील तरच पीक बुरशीला ओळखतं, लागण झालेल्या पेशी स्वतःहून मरतात आणि बुरशी तिथेच अडते. बुरशीतलं ते जनुक गळून पडलं किंवा पुरेसं बदललं, की पिकातलं जनुक शाबूत असूनही उपयोगाचं राहत नाही.

म्हणून 'हे वाण प्रतिकारक आहे' हे विधान अर्धवट आहे. कोणत्या बुरशीच्या विरुद्ध, आणि तिच्या कोणत्या रेसच्या (म्हणजे उपप्रकाराच्या) विरुद्ध, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. वाणांच्या माहितीपत्रकात ही दोन्ही उत्तरं अनेकदा नसतात, याची मला मनापासून खंत वाटते.

बुरशी 'शिकली' असं म्हणणं

वाण पाहून बुरशी बदलत नाही. उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले आपोआप होणारे बदल, आंधळेपणाने होत असतात आणि तांबेऱ्याचे बीजाणू इतके अफाट संख्येने तयार होतात की दुर्मिळ बदलही कुठे ना कुठे घडलेला असतोच. एकच प्रतिकारक जनुक लाखो हेक्टरांवर पेरलं, की त्या दुर्मिळ बीजाणूला स्पर्धकच उरत नाही. निवड आपल्या पेरणीने होते.

गव्हातल्या एसआर३१ चं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. राय या धान्यातून गव्हात आणलेलं हे जनुक काळ्या तांबेऱ्यापुढे कित्येक दशकं टिकलं, आणि टिकलं म्हणूनच जगभरच्या असंख्य वाणांत गेलं. १९९८ मध्ये युगांडात एसआर३१ असलेल्या गव्हावर तांबेरा सापडला. ती रेस पुढे यूजी९९ नावाने ओळखली गेली. काही वर्षांतच तिच्याच कुळातल्या रेसनी एसआर२४ आणि एसआर३६ ही जनुकंही निकामी केली.

इथेच आणखी एक गैरसमज अडकलेला आहे. काळ्या तांबेऱ्याचं लैंगिक पुनरुत्पादन बारबेरीच्या झुडपावर होतं. अमेरिकेने १९१८ पासून ही झुडपं उपटायची मोहीम चालवली आणि तिचा फायदाही झाला. पण बारबेरी नाही म्हणजे नवी रेस नाही, असं समजू नये. गव्हावर वाढणाऱ्या या बुरशीच्या पेशीत दोन वेगळी केंद्रकं असतात. यूजी९९ मधलं एक केंद्रक दुसऱ्या एका जुन्या रेसच्या केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळतं, असं २०१९ मध्ये जनुकसंचांच्या तुलनेतून दिसलं. लैंगिक पुनरुत्पादनाशिवाय, अख्ख्या केंद्रकाच्या देवाणघेवाणीतून ही रेस घडली होती.

सगळ्या बुरशींना एकच नियम लावणं

तांबेरा आणि भुरी जिवंत पेशीवर जगतात, त्यामुळे पेशी मेली की त्यांची उपासमार होते. मेलेल्या पेशीवर पोसणाऱ्या बुरशींना तोच पेशीमृत्यू हवा असतो. ओटच्या 'व्हिक्टोरिया' वाणातून तांबेऱ्याविरुद्धचं जनुक अनेक वाणांत घेतलं गेलं आणि १९४० च्या दशकात नेमक्या त्याच वाणांवर एक नवा करपा तुटून पडला. त्या बुरशीचं विष फक्त अशाच झाडांवर चालत होतं. गव्हातलं टीएसएन१ जनुकही असंच आहे: बुरशीच्या टॉक्सए या प्रथिनाला प्रतिसाद देऊन ते रोगाला दारच उघडतं. अशा रोगात जनुक घालायचं नसतं, काढायचं असतं.

बटाट्याचा उशिरा येणारा करपा तर खऱ्या बुरशीचा नाहीच, तो बुरशीसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या अशा ऊमायसीट गटातल्या जीवाचा आहे. तिथेही जनुकाला जनुक हा हिशेब चालतो, पण बुरशीनाशक निवडताना हा फरक विसरून चालत नाही.

एक जनुक पडलं की दुसरं एकटंच पुढे करणं

हा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत महागडा. अजून प्रभावी असलेली दोन-तीन जनुकं एकाच वाणात एकत्र असतील, तर ती सगळी चुकवणारे बदल बुरशीच्या एकाच वंशात जमून यावे लागतात, आणि ते फार अवघड असतं. त्यातलं एखादं जनुक दुसऱ्या वाणात एकटं पेरलं, तर बुरशीला पायरी-पायरीने चढायची सोय होते. गव्हातल्या एलआर३४ सारखं तांबेऱ्याविरुद्धचं जनुक रोग पूर्ण थांबवत नाही, फक्त मंदावतं, पण दीर्घकाळ टिकलं आहे. 'थोडे फोड दिसतात' म्हणून असं वाण बाद करणं मला घोर चूक वाटते.

फोड दिसलेच, तर काय तपासायचं

आधी रोग तोच आहे ना, हे पाहावं. मग फोड सगळ्या झाडांवर आहेत की मोजक्या, ते पाहावं. विखुरलेली मोजकीच झाडं रोगट असतील तर भेसळीचा संशय रास्त. त्यानंतर तापमान: गव्हातलं काळ्या तांबेऱ्याविरुद्धचं एसआर६ जनुक थंड हवेत काम करतं, पण पारा २५ अंशांच्या आसपास गेला की ढिलं पडतं. झाडाचं वयही महत्त्वाचं, कारण एलआर३४ चा परिणाम रोपावस्थेत फारसा दिसत नाही. इतकं तपासूनही उत्तर मिळालं नाही, तर नवी रेस असण्याची शक्यता धरावी. तिची ओळख वेगवेगळी ज्ञात जनुकं असलेल्या वाणांच्या संचावर लागण करून पटवतात, डोळ्यांनी पटत नाही. त्यासाठी रोगट पानं सुकवून कागदी पाकिटात पाठवावीत, प्लास्टिकमध्ये ओल धरून नमुना सडतो. पाकिटावर वाणाचं नाव, पिकाची अवस्था, ठिकाण आणि तारीख लिहावी.