ऑटोपायलट अनपेक्षित वागू लागल्यास वैमानिकाने काय करावे

विमानाने आपणहून नाक वर उचलले किंवा इंजिनांची शक्ती आपोआप सांभाळणाऱ्या ऑटोथ्रॉटलने ती अकारण कमी केली, तर कारणाचा शोध त्या क्षणी घेऊ नये. आधी नाकाचा कोन, पंखांचा कल, शक्ती आणि वेग पाहावा व ते जेथे असायला हवेत तेथे आणावेत.

उंची आणि वेग पुरेसे असतील, तर मुख्य पडद्याच्या वरच्या कडेला दिसणारे मोड, म्हणजे यंत्रणा त्या क्षणी कोणत्या पद्धतीने काम करत आहे ते, वाचावेत. बटण दाबले म्हणजे मोड लागलाच असे धरून चालू नये; पुष्कळदा यंत्रणा बिघडलेली नसते, ती वैमानिकाच्या लक्षात न आलेल्या मोडचेच निमूटपणे पालन करत असते. अशा वेळी संगणकात नवा मार्ग भरत बसण्यापेक्षा दिशा आणि उंची थेट निवडावी, आणि तरीही विमान ऐकत नसेल तर ऑटोपायलट बंद करून ते हाताने उडवावे. जमिनीजवळ मात्र मधल्या पायऱ्यांना वेळ नसतो.

ऑटोपायलट सुटताना ट्रिम (विमान हात न लावता समतोल ठेवणारी नियंत्रणांची मांडणी) बिघडलेला असू शकतो, म्हणून नियंत्रणे आधीच घट्ट धरावीत. ऑटोथ्रॉटलवर संशय असेल, तर नुसते थ्रस्ट लिव्हर (इंजिनांची शक्ती ठरवणारे दांडे) पुढे ढकलून भागत नाही. २५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲमस्टरडॅमजवळ कोसळलेल्या तुर्की एअरलाइन्सच्या बोइंग ७३७-८०० मध्ये डावा रेडिओ अल्टिमीटर (जमिनीपासूनची उंची मोजणारे उपकरण) उणे ८ फूट दाखवत होता. विमान टेकतच आहे असे समजून ऑटोथ्रॉटलने शक्ती किमान पातळीवर आणली, ऑटोपायलट उतरण्याचा मार्ग राखण्यासाठी नाक उचलत राहिला आणि वेग घटत गेला. स्टॉलचा (पंखांची उचल कोसळण्याचा) इशारा मिळताच सहवैमानिकाने लिव्हर पुढे केले, परंतु ऑटोथ्रॉटल चालूच असल्याने ते पुन्हा मागे आले. नऊ जणांचा मृत्यू झाला. लिव्हर हलवण्याआधी ऑटोथ्रॉटल तोडणे का आवश्यक आहे, हे याहून स्पष्ट करणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

वेगमापकच अविश्वसनीय ठरल्यास ऑटोपायलट, ऑटोथ्रॉटल व फ्लाइट डायरेक्टर (विमान कसे वळवावे ते पडद्यावर सुचवणारी यंत्रणा) हे तिन्ही बंद करून नाकाचा कोन आणि शक्ती यांची ठरलेली मूल्ये धरावीत.

एकाने फक्त विमान उडवावे आणि दुसऱ्याने चेकलिस्ट वाचावी. हवाई वाहतूक नियंत्रणाशी बोलणे त्यानंतर. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात मात्र स्वयंचलितपणे उंची राखता येत नसल्याचे कळवावेच लागते, कारण तेथे वरखालच्या विमानांत केवळ १,००० फुटांचे अंतर असते.