"घरी कोण कोण आहे?" एवढ्यावर थांबू नका

समाजकार्यात एमएसडब्ल्यू करून मी मिरजेत एका हॉस्पिटलला लागले, तेव्हा काम सांगितलं गेलं, 'डिस्चार्जचं बघायचं'. मला वाटलं बिल, महात्मा फुले योजनेची कागदपत्रं आणि ॲम्ब्युलन्स, झालं. पण खरं काम पेशंट गेटबाहेर पडल्यावर सुरू होतं. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून लांबलांबची माणसं मिरजेला येतायत. आज जतपासून पार अथणी-जमखंडीपर्यंतची. यायचं कसं ते सगळ्यांना ठाऊक असतं, परत गेल्यावर काय, ते कुणी ठरवलेलंच नसतं.

पहिल्याच वर्षी मी चुकले. पक्षाघाताचे एक आजोबा, तासगावकडचे. सुनेला विचारलं, घरी कोण कोण आहे? "सगळी हायती की मॅडम." मी फॉर्मवर 'कुटुंबाचा आधार : चांगला' असं लिहून मोकळी. महिना ऑक्टोबरचा, द्राक्षाची छाटणी जोरात. घरी सगळी होती, पण सकाळी सातपासून बागेत. नवव्या दिवशी आजोबा परत आले, कूस न बदलल्याने माकडहाडावर झालेली तळहाताएवढी जखम घेऊन.

तेव्हापासून मी माणसं मोजत नाही, तास मोजते. दर दोन तासांनी कूस बदलायची, तर दुपारी बाराला कोण? रात्री दोनला कोण? नाव सांगा, मी लिहून घेते. पहिल्यांदा लोक हसतात, मग एकमेकांकडे बघायला लागतात. ते बघणं वॉर्डात झालेलं बरं, घरी गेल्यावर नको.

आता हिशोब. समजा अंथरुणाला खिळलेले सहा पेशंट दर आठवड्याला घरी जातात आणि प्रत्येकाकडे तीन आठवडे लक्ष ठेवायचंय. म्हणजे कधीही बघा, तुमच्याकडे १८ घरं. आठवड्याला दोन भेटी धरल्या तर ३६. एक सिस्टर दिवसाला चार घरं करते, सहा दिवसांत २४. राहिल्या १२. त्यांचं काय, हे सोमवारी सकाळी ठरवा, शुक्रवारी ठरवून उपयोग नाही. काहींना फोन पुरतो, काहींसाठी उपकेंद्राच्या सिस्टरना आणि आशाताईंना आधीच कळवावं लागतं. जतची बाजू आली की चार घरांची दोन होतात, रस्त्यातच दिवस जातो.

आणि सरासरीवर फार विसंबू नका. अमावस्येला कुणी घरी न्यायला तयार नसतं, म्हणून आदल्या दिवशी गर्दी. दिवाळीच्या आधी तर विचारूच नका. मी कालनिर्णय टेबलावरच ठेवते.

नळीतून भरवायचं शिकवताना "समजलं का?" विचारू नका, "हो" च येणार. ज्याच्या हातून घरी भरवणं होणार आहे त्यालाच डिस्चार्जआधी दोन-तीनदा तुमच्यासमोर करू द्या. पेशंटचं डोकं उंच केलंय का, भरवून झाल्यावर अर्धा तास तसंच ठेवलंय का, ते बघा. हवेची गादी सांगितली असेल तर घरी लाइट किती वेळ जाते ते विचारा. गादीची मोटर विजेवर चालते. हे मला एका नातेवाइकाने सुनावलं, तोवर सुचलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फोन करायचा. "बरं हाय" म्हणतील. तेवढ्यावर ठेवू नका. काल संडासला झाली का, लघवीच्या पिशवीत किती साठली, पाठ कुठे लाल दिसतेय का, असं एकेक विचारा.

त्या आजोबांना दुसऱ्यांदा सोडताना सुनेबरोबर बसून कागद केला. रात्री दोनला बारावीचा नातू, तो अभ्यासाला जागाच असायचा. पहाटे मुलगा. दुपारी बाराची जागा बराच वेळ रिकामी राहिली. शेवटी सून म्हणाली, "शेजारच्या काकूंना इचारते, त्यांचं गुडघं दुखतंय म्हणून त्या बागेत येत न्हाईत." मी काकूंचा फोन नंबर लिहून घेतला आणि त्यांना दुसऱ्याच दिवशी वॉर्डात बोलावलं, कूस कशी बदलायची ते शिकायला.