युक्रेनमधल्या रोजगारासाठी प्रस्ताव लिहिताय? या चुका टाळा

युद्धाने पोळलेल्या देशात रोजगारासाठी बाहेरून पैसा येतो. त्याचे प्रस्ताव आणि अहवाल तपासणं हे माझं काम. सध्या त्यात युक्रेनच जास्त. लिहिणारी मुलं-मुली हुशार असतात, पण भयंकर घाईत. चुका मात्र त्याच त्याच.

नोकऱ्या हजेरीपटावरून मोजणं

ही माझी सगळ्यात नावडती. मार्च २०२२ मध्ये युक्रेनने युद्धकाळापुरता वेगळा कामगार कायदा केला, क्रमांक २१३६. त्यानुसार मालकाला नोकरीचा करार स्थगित ठेवता येतो. माणसाला काढलेलं नसतं, पण काम नाही आणि पगारही नाही. बुडालेला पगार भरून कोण देणार? आक्रमण करणारा देश, असं कायद्यातच लिहिलंय. म्हणजे रशियाकडून येईल तेव्हा घ्या!

एका संस्थेचा अहवाल माझ्याकडे आला होता. छोट्या कारखान्यांना अनुदान, अट एकच: नोकऱ्या टिकवा. यादी सुबक, सह्या-शिक्के जागच्या जागी, हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो. मी एकच जादा रकाना मागितला, गेल्या महिन्यात हातात पडलेला पगार. बरेच दिवस शांतता. मग उत्तर आलं की माहिती गोपनीय आहे. मग, हे आमच्या उद्दिष्टांत नव्हतंच. शेवटी रकाना आला, तेव्हा अर्ध्याहून जास्त नावांपुढे शून्य. खोटं कुणीच बोललं नव्हतं, हीच तर गंमत. आपल्याकडे रोजगार हमीच्या मस्टरवर भुतं सापडायची. इथे माणसं खरी होती, मजुरी तेवढी भुताची.

तेव्हापासून नावापुढे पगार, कामाचे तास आणि कराराची स्थिती हे तीन रकाने नसले की मी पुढचं पान उलटत नाही. याला शास्त्रीय आधार विचारू नका, सवय आहे. सैन्यात गेलेल्यांची नावंही वेगळी काढा. त्यांची नोकरी राखून ठेवलेली असते, पण जुलै २०२२ पासून त्यांना सरासरी पगार देण्याचं बंधन मालकावर राहिलेलं नाही.

‘स्थानिक कामगार कायद्यांचे पालन केले जाईल’

हे वाक्य प्रत्येक प्रस्तावात चिकटवलेलं असतं. हल्ली यंत्राकडून लिहून घेतात, त्यामुळे आणखी गुळगुळीत. कुठला कायदा हो? मूळ संहिता १९७१ ची, सोव्हिएत काळातली. तिच्यावर हा युद्धकाळचा कायदा: अत्यावश्यक उद्योगांत आठवड्याला ६० तासांपर्यंत काम, आणि कामगार संघटनेशी झालेल्या सामूहिक करारातली कलमं स्थगित करायची मालकाला मुभा. त्यातच ऑगस्ट २०२२ मध्ये आणखी एका कायद्यावर सही झाली. २५० पर्यंत कामगार असलेल्या उद्योगात मालक आणि कामगाराने बऱ्याचशा अटी आपसात ठरवायच्या. दोन्ही मोठ्या कामगार महासंघांनी विरोध केला, तरी तो झाला.

आता बघा, तुम्ही ज्यांना अनुदान देणार ते उद्योग साधारण याच आकाराचे. म्हणजे कायदा पाळूनही कामगाराच्या पदरात फारसं काही पडत नाही. तास, रजा, कामावरून काढण्याआधीची सूचना हे अनुदानाच्या करारातच लिहून घ्या. कीव्हमधल्या एखाद्या कामगार वकिलाला फोन करा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण तेवढा धीर कुणाला?

शिलाई मशीन

युद्ध म्हटलं की बाई, बाई म्हटलं की शिलाई मशीन. विस्थापितांत हिशेबनीस आहेत, शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत. आसरा घ्यायला तळघर नसलेल्या शाळेत प्रत्यक्ष वर्ग भरत नाहीत, मग मूल कुणाकडे सोपवून कामावर जायचं? पाळणाघरासाठी पैसे मागा.

शिळे आकडे

‘४८ लाख नोकऱ्या गेल्या’ हा आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, मे २०२२ चा अंदाज. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनीच २०२१ च्या तुलनेत २४ लाखांची घट सांगितली. आता तर माणसं मिळत नाहीत म्हणून मालक रडतात, कारण कुणी आघाडीवर, कुणी परदेशात. आकड्याशेजारी महिना आणि वर्ष लिहायला शाई जास्त लागत नाही.

आयएलओ नोकऱ्या देते असं लिहिणं

देत नाही.

शिफारस क्रमांक २०५ चा नुसता उल्लेख

आयएलओची २०१७ ची ही शिफारस युद्ध आणि आपत्तीनंतरच्या रोजगाराबद्दल आहे. सगळे तिचं नाव घेतात, वाचत कुणी नाही. मालक आणि कामगार या दोघांच्या संघटनांशी बोला, असं ती सांगते. प्रत्यक्षात प्रस्ताव पाठवून झाल्यावर एक बैठक होते, बिस्किटं आणि फोटोसकट. लिहायला बसण्याआधी भेटा, आणि इतिवृत्त जोडा. त्यात संघटनेच्या माणसाने तुमच्याशी वाद घातलेला दिसला, तर तो प्रस्ताव मी गठ्ठ्यातून आधी काढतो.